शिल्लक पुढे नेली

महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास आपली राजधानी दिल्लीहून आमच्या देवगिरीला हलवली, तिचे नाव दौलताबाद ठेवले आणि काही वर्षांनी सगळा कारभार पुन्हा दिल्लीला नेला. शाळेत हा धडा शिकवताना गुरुजी फळ्यावर दोन ठिपके काढत, मधे एक लांबलचक रेघ ओढत आणि म्हणत, "ह्याला म्हणतात तुघलकी कारभार!" वर्ग हसायचा. मीही हसायचो. अलीकडे मात्र त्या सुलतानाविषयी मला सहानुभूती वाटू लागली आहे. एका फोनमधली नावे आणि नंबर दुसऱ्या फोनमध्ये हलवण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला आहे, तो तुघलकाला हसणार नाही. निघताना सगळे हजर असतात. पोचल्यावर मोजावे तर काही वाटेत गळालेले, काही दोनदा आलेले, आणि ज्यांना मुद्दाम मागे ठेवायचे होते ते सगळ्यांच्या आधी येऊन पाय पसरून बसलेले!

मी पदवीने बी. कॉम. आणि पेशाने बँकेतला कारकून. इतिहासाचा आणि माझा संबंध दहावीत सुटला आणि तो सुटला तेव्हा दोघांनीही सुटकेचा निःश्वास टाकला. पण अश्मयुग, ताम्रयुग, लोहयुग असे सगळ्या युगांचे इतिहास लिहिणाऱ्या विद्वानांनी माणसाने आपले नंबर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी कसे नेले, याचा इतिहास मात्र वाऱ्यावर सोडला आहे. बँकेत एखादे काम कोणीच करत नसले की ते शेवटी क्लार्ककडे येते. त्या न्यायाने हे काम माझ्याकडे आले आहे, असे समजावे.

प्राचीन काळापासून सुरुवात करू. त्या काळाचा पुरावा पाहायला उत्खनन करावे लागत नाही. नाशिक किंवा त्र्यंबकेश्वरला गेले की पुरते. तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे लांबलचक वह्या असतात. आपण मूळ गाव आणि आडनाव सांगायचे. गुरुजी फडताळातून नेमकी वही काढतात, पाने उलटतात, आणि आपले पणजोबा कोणत्या साली आले होते, बरोबर कोण होते, मुले किती होती, हे वाचून दाखवतात. खाली पणजोबांची सही. (आमच्या पणजोबांची सही पाहिल्यावर माझ्या लक्षात आले, की बँकेने ती कधीच पास केली नसती.) वही जीर्ण झाली की मजकूर नव्या वहीत उतरवून घेतात. नंबर नव्हते, पण कॉन्टॅक्ट लिस्ट होती, शोधायची रीत होती, आणि एका वहीतून दुसऱ्या वहीत नेण्याची व्यवस्थाही होती. एक विशेष ध्यानात ठेवण्यासारखा आहे : माणूस वारला म्हणून या वहीतून त्याचे नाव काढत नाहीत. उलट तो वारल्यावरच वहीला खरे काम लागते.

यानंतर टेलिफोन आला. अमेरिकेतल्या न्यू हेवन गावात २१ फेब्रुवारी १८७८ रोजी जगातली पहिली टेलिफोन डिरेक्टरी निघाली. डिरेक्टरी कसली, एक जाड कागद होता. त्यावर पन्नास नावे होती आणि नंबर एकही नव्हता! नंबर नावाची वस्तूच अजून जन्माला यायची होती. फोन उचलायचा आणि ऑपरेटरला सांगायचे, "अमक्या डॉक्टरांना जोडून द्या." कोणाची तार कुठल्या भोकात खुपसायची हे ऑपरेटरच्या डोक्यात असे.

पुढच्याच वर्षी, १८७९ साली, मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेल गावात गोवराची साथ आली. तिथले डॉ. मोझेस ग्रीली पार्कर यांच्या मनात आले, की गावात ऑपरेटर चारच. हे चौघे एकदम अंथरुणाला खिळले, तर गावाचा टेलिफोन आंधळा होईल, कारण कोण कुठे आहे हे त्यांच्याखेरीज कोणालाच ठाऊक नाही. त्यांनी सुचवले, की प्रत्येक घराला एक आकडा द्या, म्हणजे नवा माणूसही काम चालवील. अशा रीतीने टेलिफोन नंबर जन्माला आला. चार डोक्यांतला माल कागदावर उतरवण्याचा हा टेलिफोनच्या इतिहासातला पहिला ट्रान्सफर, आणि त्याचे श्रेय गोवराला आहे.

डॉक्टरांची काळजी किती रास्त होती, ते बँकवाल्याला विचारा. आमच्या शाखेत एक हेड कॅशियर होते. कोणत्या शेतकऱ्याचा अंगठा सुगीच्या दिवसांत उमटत नाही, कोणती आजी सही करताना एक वेलांटी हमखास विसरते आणि कोणाचा चेक परत गेला तर घरी भांडण होईल, हे सगळे त्यांच्या डोक्यात. आमच्याकडे गोवराची साथ आली नाही. त्यामुळे निवृत्तीच्या दिवशी ते सगळे ज्ञान शाल आणि श्रीफळासोबत त्यांच्या घरी निघून गेले. आज आम्ही आजींना सांगतो, "सही जुळत नाही." आजी म्हणतात, "मग ते कुठे गेले? त्यांना जुळायची."

मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज १८८२ साली सुरू झाले. पण टेलिफोन आमच्या घरी पोचायला शंभरावर वर्षे लागली आणि त्यापाठोपाठ आमच्या घरात डायरीयुग सुरू झाले. हे माझ्या मते मानवी संस्कृतीतले सुवर्णयुग. दर जानेवारीत कोणीतरी विमा एजंट किंवा औषधांचा दुकानदार वडिलांना नवी डायरी देई. आम्ही वडिलांना अण्णा म्हणत असू. जानेवारीतल्या एका रविवारी अण्णा चहा झाल्यावर जुनी डायरी डाव्या हाताला आणि नवी उजव्या हाताला घेऊन बसत. निळे पेन, लाल पेन आणि एक पेन्सिल असा सरंजाम असे. ते एकेक नाव मोठ्याने वाचत आणि स्वयंपाकघरातून आईचा निकाल येई.

"जोशी, डोंबिवली."

"घ्या."

"साठे, मिरज."

"त्यांच्याकडून मुंजीला कोणी आलं नव्हतं."

"मग? गाळू?"

"गाळू नका. पेन्सिलीनं लिहा."

त्या वर्षी साठे पेन्सिलीत राहिले. पुढे ताईच्या लग्नाला ते सहकुटुंब आले, शिवाय चांदीची वाटी घेऊन आले, आणि जानेवारीत त्यांना शाईत बढती मिळाली. घरात वर्षातून एकदा माणसांचा असा ताळेबंद होत असे. कोण आपले, कोण होते आणि कोण पुढच्या वर्षी पाहू, याचा विचार केल्याशिवाय एकही नंबर नव्या डायरीत शिरत नसे. पुढे मुंबई-पुण्याचे सात आकडी नंबर आठ आकडी झाले आणि सगळ्यांच्या डोक्यावर २ चढला. त्या जानेवारीत अण्णांनी प्रत्येक नंबराआधी लाल पेनाने दोनचा आकडा काढला. लग्नघरी एकेकाला कुंकू लावावे तसे ते दिसत होते.

एखाद्या नावाशी अण्णा थांबत. मोठ्याने वाचत नसत. जुन्या डायरीत त्या नावाखाली पट्टी ठेवून सरळ रेघ मारत, थोडा वेळ पेन हातात धरून बसत आणि मग पुढच्या नावाकडे वळत. आई आतून विचारत नसे. वाचन थांबले की तिला कळत असे.

असो. मध्ययुग संपले आणि सिमयुग सुरू झाले. जर्मनीतल्या म्युनिकच्या गीझेके अँड डेव्ह्रिएंट या कंपनीने १९९१ साली पहिली सिमकार्डे बनवून फिनलंडच्या रेडिओलिंजा कंपनीला विकली. ती ३०० होती. हीच कंपनी नोटाही छापते, हे बँकवाला म्हणून मला मोठे शुभशकुनी वाटते. भारतात पहिला मोबाइल कॉल झाला ३१ जुलै १९९५ रोजी. कलकत्त्याहून ज्योती बसूंनी दिल्लीला सुखराम यांना तो केला. त्या काळी फोन घेणाऱ्यालाही पैसे पडत. दुसऱ्याचे ऐकून घेण्याचे पैसे द्यावे लागत असल्यामुळे लोक कमी ऐकत आणि देशात शांतता असे. २००३ साली ऐकणे फुकट झाले. तेव्हापासून जे चालू आहे ते आपण ऐकतोच आहोत.

मी २००४ साली बँकेत लागलो आणि पहिल्या पगारात फोन घेतला. तेव्हा नंबर हलवणे म्हणजे सिम काढून दुसऱ्या फोनात घालणे. बस्स! शंकराच्या पिंडीवरचे बेलपान उचलून दुसऱ्या पिंडीवर ठेवावे इतके सोपे. पण सिमचा संसार छोटा असे. साधारण अडीचशे नावे मावत. एका नावाला एकच नंबर, आणि नावाला इंग्रजी लिपीतली जेमतेम चौदा-पंधरा अक्षरे. 'देशपांडे काका' एवढे नाव त्यात काठोकाठ बसे. 'देशपांडे काका शेजारी' असे लिहावे तर शेजारी गळून पडे आणि यादीत दोन देशपांडे काका उभे राहत. काकांच्या शेजाऱ्याला मी वर्षभर वाकून नमस्कार केला आहे आणि त्यांनीही तो निमूटपणे घेतला आहे.

सिमचा आकारही बघता बघता घटत गेला. सुरुवातीला ते आजच्या एटीएम कार्डाएवढे असे. मग अंगठ्याच्या नखाएवढे झाले. २०१० च्या सुमारास मायक्रो आले, आणि २०१२ साली आयफोन ५ बरोबर नॅनो आले, म्हणजे करंगळीच्या नखावर गेले. कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानात ते कातरायचे एक यंत्र असे, अगदी आमच्या पंचिंग मशीनसारखे. दुकानातला पोरगा "काका, काही होत नाही" म्हणत खटकन दाबायचा. आपली सगळी नातीगोती त्या पात्याखाली आहेत, हे त्या पोराला ठाऊक नसे आणि आपल्याला सांगवत नसे.

पुढे माणसांचे परिचय अडीचशेच्या वर गेले, नंबर फोनच्याच पोटात राहू लागले, आणि खरी तुघलकी सुरू झाली. ते केबलयुग. एका कंपनीची केबल दुसऱ्या कंपनीच्या फोनला चालत नसे. चार्जरची तर त्याहून तऱ्हा. "बारीक पिनेचा चार्जर आहे का हो?" हा त्या काळी या देशातला सर्वांत जास्त विचारला गेलेला प्रश्न असावा. जाड पिन घेऊन लग्नाला गेलेला माणूस आणि बारीक पिन घेऊन आलेला यजमान यांच्यात कोणतेच नाते टिकत नसे.

मग इन्फ्रारेड आले. दोन फोन एक मीटरच्या आत समोरासमोर ठेवायचे, दोघांची नजर जुळली पाहिजे, आणि न दिसणाऱ्या किरणांनी नंबर इकडून तिकडे जात. मला हे दृश्य नेहमी अंतरपाट दूर झाल्यावरच्या क्षणासारखे वाटे. मधून कोणाचा हात गेला, कोणी चहाचा कप ठेवला, की विवाह मोडला. पुन्हा मंगलाष्टकांपासून सुरुवात. ब्लूटूथने ही नजरानजरेची अट काढून टाकली. या ब्लूटूथचे नाव दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या हॅराल्ड नावाच्या राजावरून ठेवले आहे. त्याने डेन्मार्क आणि नॉर्वे एका अंमलाखाली आणले, तसे आपण संगणक आणि फोन एक करू, अशी कल्पना. १९९८ साली पाच कंपन्यांनी मिळून त्याची संस्था काढली आणि राजाच्या नावाची जुनी अक्षरे गुंफून निशाणी केली. दोन फोनांनी एकमेकांवर विश्वास ठेवण्यासाठी एक गुप्त आकडा सांगायचा असे. तो गुप्त आकडा बहुधा ०००० असे. आमच्या बँकेतल्या कित्येक खातेदारांचा पिनही त्याच सुमारास ठरला असावा.

पण दोन फोन बोलायला लागले, तरी बोलणार कोणत्या भाषेत? यावर तोडगा म्हणून १९९६ साली व्हीकार्ड नावाचा एक नमुना ठरला. नाव कुठे, आडनाव कुठे, नंबर कुठे, हे ठरवून दिलेला तो एक छापील फॉर्म. १९९८ साली त्याची तिसरी आवृत्ती आली आणि २०११ साली चौथी. आमच्या खाते उघडण्याच्या फॉर्मप्रमाणेच प्रत्येक आवृत्तीत रकाने वाढले. हा फॉर्म भरणारा फोन वेगळा आणि वाचणारा वेगळा. त्यातून आम्ही नावे मराठीत लिहिणारे! संगणकाच्या पोटात देवनागरीचे प्रत्येक अक्षर तीन संकेतांनी लिहितात. जुन्या व्हीकार्डात ते संकेत उघडे ठेवले जात आणि वाचणाऱ्या फोनला त्यांचा उलगडा झाला नाही, तर तो ते तसेच्या तसे दाखवी. एकदा नव्या फोनात यादीच्या टोकाशी मला हे नाव दिसले : '=ई०=ए४=८६=ई०=ए४=८८'. एखाद्या परदेशी बँकेचा कोड असावा, म्हणून मी भीत भीत तो नंबर लावला.

"जेवलास का?" पलीकडून आवाज आला.

ती अठरा चिन्हे म्हणजे 'आई' होती. दोन अक्षरांची माणसे यंत्राला समजायला अशी अवघड जातात.

आता ढगयुग चालू आहे. २००८ साली अँड्रॉइडचा पहिला फोन बाजारात आला. त्यातली नावे मालकाच्या गूगल खात्यात जाऊन राहत. ॲपलने २०११ साली आपला आयक्लाउड काढला. २०१५ साली त्याच कंपनीने अँड्रॉइडवरचे बिऱ्हाड आपल्याकडे हलवण्यासाठी एक वेगळे ॲप दिले, म्हणजे शेजाऱ्याची मोलकरीण फोडायला जिना बांधून दिला. आता नंबर हलवावे लागतच नाहीत. नव्या फोनात आपले खाते उघडले की ते आपण होऊन पावसासारखे वरून पडतात. पण ढगाचेही एक असते. ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेत साइडकिक नावाच्या फोनवाल्यांची नावे, फोटो, सगळे सांभाळणारा सर्व्हर बिघडला. कंपनीने ग्राहकांना कळवले, की फोन बंद करू नका आणि बॅटरी काढू नका, कारण तुमच्या हातात जे आहे तेच आता शिल्लक. पुढे बहुतेकांचा बहुतेक माल परत मिळाला. पण तोवर काही दिवस हजारो सुशिक्षित माणसे चार्जर घेऊन फोनाच्या उशाशी बसली होती. आपल्याकडे विस्तव विझू नये म्हणून रात्री त्यावर राख सरकवत, त्यातलाच प्रकार.

आता एका कॉमर्सच्या माणसाचे या सगळ्या व्यवहारावर म्हणणे ऐका. आमच्याकडे एक साधा नियम आहे. एका खात्याला क्रेडिट पडले की दुसऱ्या कुठल्यातरी खात्याला तेवढेच डेबिट पडले पाहिजे. फोनवाले 'ट्रान्सफर' म्हणतात आणि करतात नक्कल. नव्या फोनात सगळी नावे जमा होतात आणि जुन्या फोनातून एकही नावे पडत नाही! बँकेत कोणी असे ट्रान्सफर केले तर संध्याकाळपर्यंत सीबीआय येईल. शिवाय ताळमेळ कोणी पाहत नाही. माझ्या मागच्या फोनात ६१२ नावे होती. नव्यात ९४७ झाली. सिममधला जोशी, फोनमधला जोशी आणि ढगातला जोशी असे तीन जोशी ओळीने उभे. एकाच्या नंबराआधी शून्य, दुसऱ्याच्या आधी अधिक एक्क्याण्णव, तिसरा उघडाबोडका. पूर्वी बँकेत दहा पैशांचा फरक लागला, तर तो सापडेपर्यंत सगळी शाखा रात्री नऊपर्यंत बसायची. इथे ३३५ माणसे जादा लागली आणि फोन म्हणतो, "अभिनंदन! ट्रान्सफर पूर्ण झाले."

यावर उपाय म्हणून फोन आपण होऊन विचारतो, "सारखी नावे एकत्र करू का?" आमच्या घरात एकाच खात्यावर माझी आणि हिची अशी दोघांची नावे आहेत. फोनने 'आई' नावाच्या दोन नोंदी शोधून काढल्या आणि त्या एकत्र करण्याची परवानगी मागितली. एक माझी आई, दुसरी हिची. बावीस वर्षे दोन्ही घरांतल्या जाणत्या माणसांना जे साधले नाही, ते एका बटणात होणार होते!

"अहो, नको," ही म्हणाली. "एकीला लावायला जाल आणि दुसरी उचलेल."

सारखे नाव म्हणजे सारखे माणूस नव्हे, हे कोणत्याही सुनेला कळते.

फोनचे सोडा, आम्ही बँकवाले तरी वेगळे काय करतो? २००७ साली आमच्या शाखेची सगळी खाती लेजरमधून संगणकात गेली. जुन्या लेजरमध्ये खातेदार वारला की साहेब त्याच्या नावामागे लाल शाईने 'कै.' लिहीत. संगणकाच्या पडद्यावर त्या 'कै.'ला रकाना नव्हता. नाव होते, शिल्लक होती, पत्ता होता. पण गेल्याची नोंद वाटेत गळाली. त्या दिवाळीला सर्व खातेदारांना छापील शुभेच्छापत्रे गेली, आणि लक्ष्मीपूजनानंतरच्या पहिल्या कामाच्या दिवशी एक आजी ते पत्र घेऊन काउंटरवर आल्या. "ह्यांना बँकेनं शुभेच्छा पाठवल्यात," त्या म्हणाल्या. "उत्तर द्यायचं असतं का?" रागावून म्हणाल्या असत्या तर बरे झाले असते. आम्ही त्यांना आत बसवले, चहा दिला आणि 'कै.'साठी रकाना मागणारे पत्र त्याच दिवशी वर पाठवले.

माणसाला नंबर इतका चिकटला आहे तो अलीकडेच. पूर्वी कंपनी बदलली की नंबर बदले आणि सगळ्यांना कळवावे लागे. नोव्हेंबर २०१० मध्ये हरियाणात आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय झाली. तेव्हापासून नंबर आडनावासारखा झाला. बँक, गॅस, रेशन, सगळे त्यावर. आता काउंटरवर खातेदार येतात ते "नंबर बदलून द्या" म्हणून. आम्ही म्हणतो, "जुन्या नंबरवर ओटीपी गेलाय, तो सांगा." ते म्हणतात, "जुना नंबर असता तर आलो असतो का?" या प्रश्नाला सर्क्युलरमध्ये उत्तर नाही, फॉर्म आहे.

आणि नंबरचा मालकच गेला तर? बँकेत दोन वर्षे व्यवहार झाला नाही की खाते निष्क्रिय होते. दहा वर्षे कोणी फिरकले नाही, की त्यातले पैसे रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जातात. हा निधी २०१४ साली काढला. पण तिथे गेलेले पैसे बुडत नाहीत. वारस कधीही कागदपत्रे घेऊन आला, की त्याला परत मिळतात. नंबराचे तसे नाही. बंद पडलेला नंबर निदान नव्वद दिवस कोणाला देत नाहीत. त्यानंतर तो दुसऱ्याला देता येतो. २०२३ साली हे सर्वोच्च न्यायालयापुढेही सांगण्यात आले. दहा वर्षे आणि नव्वद दिवस. आपल्याकडे पैशाची आठवण किती ठेवावी आणि माणसाची किती, याचा असा हिशेब आहे.

अण्णा २०१९ साली गेले. त्यांच्यानंतर मी दोन फोन बदलले. ना फोनने मला विचारले, "हे नाव पुढे न्यायचे का?" ना स्वयंपाकघरातून आवाज आला. ६१२ नावांत तेही आले, ९४७ नावांतही आले, यादीत अगदी वर. 'अ'चे नाव, जाणार कुठे? डायरीच्या काळात जानेवारीतल्या एखाद्या रविवारी मला पट्टी घेऊन बसावे लागले असते. आता कोणाला गाळावे लागत नाही, तसे कोणाला ठेवावेही लागत नाही. सगळी शिल्लक आपोआप पुढे जाते.

गेल्या वर्षी आईने माझ्या जुन्या फोनावर व्हॉट्सॲप चालवायला घेतले. यादी चाळताना ती थांबली. 'अण्णा' या नावासमोर गॉगल लावून मोटारसायकलवर बसलेल्या एका पोराचा फोटो होता. मी घाईघाईने म्हणालो, "नंबर दुसऱ्याला दिलाय त्यांनी. थांब, काढून टाकतो."

आईने फोटो बोटांनी मोठा करून पाहिला.

"केस किती वाढवलेत," ती म्हणाली. "राहू दे."

पाडव्याला तिने सगळ्या यादीला शुभेच्छा धाडल्या. संध्याकाळी त्या पोराचे उत्तर आले : 'सेम टू यू आंटी. आपण कोण?' आईने चष्मा लावला आणि एका बोटाने अर्धा तास काहीतरी टाइप केले. नंतर मी पाहिले, तर तिने आपले नाव सांगितलेच नव्हते. लिहिले होते : 'नंबर चांगला आहे. जपून वापर. गाडी हळू चालव.'